समईत जळलेलं तेल

सिंगापुरात मरीन परेडला ज्या काकूंच्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं खोली घेऊन राहिले, त्यांचा नवरात्रातला दिवा मी चारचौघींसमोर बाटवला. बाटवला हा शब्द त्यांचा. त्यांच्यासमोर मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. काकूंचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि ती सांगायची तर आधी तेलाचं सांगावं लागेल.

तेल माझं नव्हतं, माझ्या मैत्रिणीचं होतं. ती बेनिनची, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. वन-नॉर्थला आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये पोस्टडॉक, टेबलाला टेबल लागून. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस आपणच, हे आम्हाला एकमेकींबद्दल पहिल्याच आठवड्यात कळलं. मीटिंगनंतर उरलेला भात डब्यात भरून घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो. बाकीचे ताटं कचऱ्यात सरकवून हात पुसत निघून जायचे.

तिच्या गावाभोवती तेलताडाचं रान आहे. कुणी लावलेलं नाही, आपलं आपण उगवलेलं. त्या फळांपासून तिची आई दर हंगामात तेल काढायची. लाल, दाट, गार झालं की तळाशी केशरी कणी धरणारं. आई गेल्या वर्षी वारली. शेवटच्या हंगामात तिनं काढलेलं दीड लिटर तेल मैत्रिणीनं कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणलं होतं आणि वर्षभर राखलं होतं. आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी तिकडे सगळी भावंडं जमून चवळी शिजवणार, वरून ते लाल तेल ओतणार आणि जेवणार. त्याच दिवशी, त्याच वेळेला ही इथे तेच जेवणार, आईच्या हातच्या तेलात. आईला मातीआड करताना तिला जाता आलं नव्हतं, नोकरीच्या पासचं नूतनीकरण अडकलं होतं. हे एक जेवण तेवढं तिच्या हातात होतं.

पण ती राहायची हॉस्टेलवर. तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात महिन्यातून एकदा साफसफाई होते आणि ओळखू न येणारं सगळं काळ्या पिशवीत जातं. तिचा घरून आलेला मिरचीचा ठेचा एकदा तसा गेला होता. म्हणून ती मला म्हणाली, "वर्ष भरायला महिना उरलाय, तेवढा वेळ तुझ्याकडे राहू दे. तुझ्या घरी बरं पडेल ना?"

"माझ्या वस्तूंना त्या घरात कुणी हात लावत नाही," मी म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.

खरं का होतं, तेही सांगते. काकू पुण्याच्या. काका एका बँकेत आयटी मॅनेजर. मुलगा अमेरिकेत, म्हणून एक खोली रिकामी. खोली बघायला गेले त्या दिवशी काकूंनी विचारलं, "वडील काय करतात गं?"

"कुंभार आहेत."

"अय्या, अजून घडवतात? किती छान. कलाच की ती."

त्यानंतर आठ दिवसांत फ्रिजमध्ये माझा खण वेगळा झाला, कपाटात माझी फळी वेगळी झाली आणि माझा चहाचा कप खिडकीपाशी जाऊन बसला. "वेगळं काही नाही हं, माझं जरा सोवळ्याचं असतं," काकू म्हणायच्या, आणि मुलाच्या आवडीची आमटी केली की वाटीभर मलाही द्यायच्या. वाटी मात्र परत घेताना नळाखाली धरून मगच सिंकमध्ये ठेवायच्या. कुणी घरी आलं की ओळख करून द्यायच्या, "ही आमच्याकडे राहते. पीएचडी आहे बरं का. कुंभाराच्या घरातली. एवढ्यातून वर आलीय." मी कशातूनही वर आलेली नाही. मी घरातून आले, जसे त्या त्यांच्या घरातून आल्या. हे मी त्यांना कधी बोलले नाही. मी ते मनात घडी करून ठेवत गेले, एकावर एक.

बाटली घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा काकू भाजी निवडत होत्या.

"काय आणलंस?"

"मैत्रिणीचं आहे. महिनाभर ठेवायचंय. माझ्या खोलीत दुपारचं ऊन येतं, आणि याला ऊन चालत नाही."

"तेल दिसतंय. कसलं?"

पामतेल, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. रेशनच्या पामतेलावर मी वाढले. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे शेंगदाण्याचं तेल यायचं ते आमच्या भज्यांना नाक मुरडायचे. काकूंनीही एकदा कुणाच्या तरी फराळाबद्दल म्हटलं होतं, "पामतेलात तळलेलं आपल्याला वासावरून कळतं बाई." तर मी म्हणाले, "आफ्रिकेतलं आहे. झाडाचं."

"खायचं?"

"नाही. खायचं नाही."

"मग खाली ठेव, दिव्याच्या तेलापाशी. वर नको."

ही माझी चूक, आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी साळसूद समजायला नको. काकूंच्या घरात तेलाच्या दोनच जाती होत्या. खायचं तेल वरच्या फळीवर आणि देवाचं तेल खाली. देवाचं तेल म्हणजे लिटिल इंडियात पूजेच्या दुकानात प्लास्टिकच्या बाटलीत मिळतं ते पिवळं तेल, खाऊ नये असं ज्यावर छापलेलं असतं. तिसरी जात त्या स्वयंपाकघराला माहीत नव्हती. खायचं नाही म्हटल्यावर माझ्या मैत्रिणीच्या आईचं तेल आपोआप दिव्याचं झालं.

नवरात्र जवळ आलं तसं काकू मला घट निवडायला लिटिल इंडियात घेऊन गेल्या. "तुला कळतं ना यातलं," म्हणाल्या. मी चार घट बोटाच्या पेरानं वाजवून बघितले आणि नाद खणखणीत होता तो दिला. काकूंनी तो तिथेच रुमालात घेतला, मला धरू दिला नाही.

त्यांच्याकडे नऊ दिवस अखंड दिवा असतो. तो विझू द्यायचा नाही आणि घरात कुणी नसताना तेवत ठेवायचा नाही, म्हणजे नऊ दिवस काकू दाराबाहेर पडत नाहीत. तिसऱ्या माळेला मी एका कार्यशाळेसाठी पेनांगला गेले. परतले ती सातव्या माळेला, दुपारी.

दार उघडलं आणि वास आला. मैत्रिणीनं एकदा झाकण काढून मला तो हुंगायला दिला होता. ओल्या मातीचा, थोडा गाजराचा, थोडा धुराचा. असा दुसरा वास मी कुठे घेतलेला नाही. मी बॅग दारातच सोडली.

"आलीस का? हातपाय धू आणि दर्शन घे," काकू म्हणाल्या.

समईत कुंकू कालवल्यासारखं तेल होतं. पाच वाती शांतपणे जळत होत्या.

"काकू, हे तेल कुठलं?"

"अगं, तेच सांगणार होते. चौथ्या माळेला आमचं तेल संपत आलं. यांना सांगितलं तर यांच्या मीटिंगा. मला काही दिवा सोडून खाली उतरता येईना. आणि समोर बघते तर तुझी बाटली. थिजलं होतं, पण गरम पाण्यात धरून ठेवली, मस्त पातळ झालं. काजळी जरा धरते, पण रंग बघ ना, देवीला शोभतोय अगदी."

"ते माझं नव्हतं."

"मैत्रिणीचं ना? तिला म्हणावं, पुण्य लागलं. देवीनं मागून घेतलं बघ." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढं काय झालं? त्या चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातून आणून देऊ की दुसरं. काका तर काल पिवळ्या तेलाच्या चार बाटल्या घेऊन आलेत."

मी खालची फळी उघडली. बाटलीत दोन बोटं तेल उरलं होतं. आदल्या दिवसापासून समईत लाल आणि पिवळं मिसळून घालणं चाललं होतं. मी बाटली उचलली आणि खोलीत नेऊन कपड्यांच्या कपाटात, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली. सिंगापूरमध्ये स्वेटर दुसऱ्या कशाच्या कामाला येत नाही.

काकूंना मी ओरडून सांगितलं नाही की हे तेल एका मेलेल्या बाईच्या हातचं शेवटचं तेल होतं. सांगितलं असतं तर त्या हळहळल्या असत्या. डोळ्याला पदर लावला असता, मैत्रिणीला प्रसाद पाठवला असता आणि पुढच्या महिन्यात चार जणींना ही गोष्ट भक्तिभावानं ऐकवली असती. मला त्यांची हळहळ नको होती. मला त्यांना लागायला हवं होतं. जिथे त्यांना लागतं, बरोबर तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "मी आंघोळीला जाते. पाच मिनिटं दिव्याकडे बघशील? लांबूनच बघ."

लांबून बघत मी बसले. समईपर्यंत तीन पावलं होती. पाच वाती चिमटीत धरायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. बाथरूममधून पाण्याचा आवाज आणि काकूंचं स्तोत्र येत होतं. मी उठले नाही. देवीची भीती वाटली म्हणून नाही. दिवा विझलेला दिसला असता तर काकूंनी पंख्याला दोष दिला असता, खिडकीला दिला असता, फार तर स्वतःच्या नशिबाला दिला असता. मला तो दोष वाऱ्याला जाऊ द्यायचा नव्हता. त्यावर माझं नाव हवं होतं.

त्याच संध्याकाळी भोंडला होता. सोफा भिंतीला लावून, पाटावर हत्ती काढून, आठ-दहा जणी फेर धरून गाऊन झाल्या आणि दमून खाली बसल्या. खिरापत ओळखण्याआधी गप्पा चालल्या होत्या. एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. दर वर्षी खिरापत तीच ओळखते म्हणून तिला सगळ्या खिरापतमावशी म्हणतात. तिचं लक्ष समईकडे गेलं.

"अहो, हे तेल कसलं? रंग काय सुंदर आहे."

"आमच्या हिच्या मैत्रिणीनं दिलंय," काकू माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "आफ्रिकेतलं. जंगली ताडाचं. तिथल्या बायका घरी काढतात म्हणे, अगदी शुद्ध. विकत मिळत नाही हं." ताडाचं हे त्यांना मी आदल्या रात्री सांगितलं होतं, मुद्दाम. शुद्ध हे त्यांनी स्वतः जोडलं.

"कसं काढतात गं? सांग की," खिरापतमावशी मला म्हणाली.

मी विचार करत होते की विषय कसा काढावा. तो त्यांनीच ताटात वाढून दिला.

"रानातली झाडं," मी सुरुवात केली. "गडी कमरेला दोर घालून चढतो आणि कोयत्यानं घड पाडतो. घड केवढा, तर कडेवरच्या पोराएवढा. त्यात सुपारीएवढी फळं, लाल आणि काळी, काट्यांत रुतलेली. घड तीन-चार दिवस पानांखाली झाकून ठेवतात म्हणजे फळं सैल होतात. मग बायका ती सोडवतात. बोटं फाटतात त्यात."

"देवा, किती कष्ट," कुणीतरी म्हणालं.

"मग मोठ्या पिंपात पाणी घालून शिजवतात. अर्धा दिवस."

"म्हणजे पन्ह्याच्या कैरीसारखंच. गर सुटायला," खिरापतमावशी म्हणाली. "मग? उखळात कांडत असतील."

"थोडी असली तर कांडतात. जास्त असली तर अंगणात खड्डा असतो, चिकणमातीनं लिंपलेला. त्यात ओततात."

इथे मी थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"आणि?"

"आणि बायका खड्ड्यात उतरतात. पायांनी तुडवतात. तास, दोन तास."

मग एका पाहुणीची कॉलेजातली मुलगी मोबाईलमधून मान वर काढून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ईऽ, दे स्टेप ऑन इट? सो ग्रोस, ला."

"गप गं," तिची आई म्हणाली, पण नजर समईवरच होती.

"मग पाणी ओततात," मी पुढे सांगत राहिले. "लाल फेस वर येतो. तो भोपळ्याच्या डावानं काढून घेतात आणि पातेल्यात कढवतात. आधी तडतडतं, पाणी असतं ना. तडतडायचं थांबलं की तेल झालं." पुढचं कुणी ऐकत नव्हतं. तरी मी सगळं सांगितलं, शेवटच्या थेंबापर्यंत, शांतपणे, लॅबच्या मीटिंगमध्ये सांगते तसं.

"पायाखालचं तेल," एक जण हळूच म्हणाली. "आणि ते देवीपुढे?"

काकूंच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "तू हे मला आधी नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं, बाटला ना दिवा. अखंड दिवा आहे तो."

"हो ना," मी म्हणाले. "आता विझवताही येत नाही."

हे वाक्य मी सकाळपासून तोंडात धरून ठेवलं होतं.

समईच्या शेजारी घट होता, मी निवडून दिलेला. घटाची माती पायानं तुडवल्याशिवाय घट होत नाही. माझा बाप तुडवतो, आई तुडवते, दहावीपर्यंत मीही तुडवलीय. खडा राहिला तर तो डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, टाचेलाच कळतो. त्या खोलीतल्या प्रत्येकीच्या देव्हाऱ्यात कधी ना कधी कुणाच्या तरी पायाखालून आलेली माती बसली होती. हे एक वाक्य मी बोलले असते तर खिरापतमावशी हसून म्हणाली असती, "हो की, खरंच," आणि सगळ्या सुटल्या असत्या. म्हणून मी ते बोलले नाही. त्यांना सुटू द्यायला मी तिथे बसलेच नव्हते.

शेवटी खिरापतमावशीनंच तोडगा काढला. ज्योतीला काही लागत नसतं, ज्योत शुद्धच. दुसऱ्या समईत पिवळं तेल घाला आणि याच ज्योतीवरून वात लावून घ्या. तसं केलं. काकूंची वात दोनदा हुकली. जुनी समई काकांनी उचलून बाहेर नेली आणि दाराबाहेर चपलांच्या मांडणीपाशी ठेवली, आपोआप विझेपर्यंत. खिरापत कुणी ओळखली नाही. सगळ्यांनी डब्यांतून घरी नेली आणि साडेआठला हॉल रिकामा झाला.

काकू पाट उचलता उचलता म्हणाल्या, "झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले. आणि झालं होतं. पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

ते भरलेलं पोट घेऊन मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेले. बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी दोन बोटं तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. दिव्याचं ऐकून तिनं बाटली तिरकी धरून किती उरलंय ते बघितलं. मला वाटलं, देवापुढे जळलं याचं तिला थोडं तरी बरं वाटेल. मी तसं म्हणालेही.

"आई खायचं तेल जाळणाऱ्यांना मूर्ख म्हणायची," ती म्हणाली. "पण त्या बाईला कसं कळलं नाही, की हे खायचं आहे?"

"मीच म्हणाले होते, खायचं नाही."

"का?"

"पामतेल म्हणायला लाज वाटली."

तिनं चमचा खाली ठेवला. त्या लाजेवर मला थांबायचं नव्हतं, म्हणून मी घाईनं पुढचं सांगू लागले. भोंडला, खड्डा, पाय, चपलांपाशी ठेवलेली समई. रंगवून सांगितलं. काकूंची नक्कल केली. ती हसेल असं मला वाटत होतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुला कुणाला तरी घाणीनं मारायचं होतं. आणि घाण म्हणून तू माझ्या आईचे पाय घेतलेस."

"घाण त्यांच्या डोळ्यांत. माझ्या नाही."

"त्यांच्या डोळ्यांत जावी म्हणूनच सांगितलंस ना? आई खड्ड्यात उतरायच्या आधी काय करायची, ते सांगितलंस?"

तिनं मला ते पूर्वी सांगितलं होतं. तिची आई राखेनं आणि लिंबानं पाय घासायची, नखं कापायची. एकदा पाय धुतले की जमिनीला टेकवायची नाही. मुलांनी मांडलेल्या फळ्यांवरून चालत खड्ड्यापर्यंत जायची, आणि वाटेत कुणी शिवलं तर परत धुवायची. हंगामभर तिचे पाय इतके मऊ असायचे की पोरं त्यांना गाल लावून झोपायची. यालाच आमच्याकडे सोवळं म्हणतात. त्या हॉलमध्ये पाण्याचा घोट घेत थांबले होते तेव्हाही मला हे माहीत होतं.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

"का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांना लागलं नसतं."

"तुझे वडील माती तुडवतात, तू मला फोटो दाखवलायस. त्यांच्याबद्दल असं सांगशील? असंच, मध्ये थांबून, पाणी पिऊन?"

तिनं बाटली उचलली, पिशवीत ठेवली आणि ट्रे परत द्यायला उठली. जाता जाता म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी ये. चवळी निवडायला."

दसऱ्याच्या सकाळी मी काकूंपाशी गेले. त्या घट हलवून झाल्यावर चहा घेत बसल्या होत्या. मी माफी मागायला गेले नव्हते. पण एक गोष्ट माझ्या अंगावर राहिली होती आणि मला कुणाचं काही अंगावर ठेवायची सवय नाही. "काकू, ते तेल खायचं नाही, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं."

"माहितीये की," त्या म्हणाल्या. "विसरले नाहीये मी."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"माझ्या घरात राहणाऱ्या मुलीला मी परक्यांसमोर खोटी पाडू?" त्यांनी कप ठेवला. "माझी तशी पद्धत नाही. तुमच्याकडे असेल."

हे मला दिव्याच्या तेलापेक्षा जास्त झोंबलं. दोन वर्षांत त्या माझ्याशी एकदाच मोठ्या मनानं वागल्या, तेही मी त्यांना उभी चिरत असताना, आणि तेसुद्धा त्यांनी टोमण्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. त्या तेव्हा बोलल्या असत्या तर आमचं फिटलं असतं.

"महिनाअखेर खोली सोडते," मी म्हणाले.

"सोड. पण जाण्याआधी ती खालची फळी पूस. लाल डाग पडलेत, निघत नाहीयेत."

फळी मी पुसली. डाग निघाले नाहीत. ते राहिले याचा मला आनंद झाला, आजही आहे.

शनिवारी मी हॉस्टेलवर गेले. मैत्रिणीनं चवळी भिजत घातली होती. आम्ही दोघींनी फारसं न बोलता ती निवडली, शिजवली. तिनं कांदा चिरला, मिरची वाटली, कसाव्याचा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाचा, जाडसर रवा भाजून घेतला. या रव्याला ते गारी म्हणतात आणि चवळीवर भुरभुरतात. मी भांडी घासली, ओटा पुसला, तिनं सांगितलं तेवढंच केलं. तिकडे दुपार होत आली होती, इकडे खिडकीबाहेर दिवे लागले होते.

तिनं दोन ताटं वाढली. मग बाटली गरम पाण्यात धरली, तेल पातळ झालं तशी ती तिनं स्वतःच्या ताटावर उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवला नाही. चवळी लाल झाली. वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. दोन कोरियन मुली नूडल्स करत होत्या, त्यांनी वळून बघितलं.

मग तिनं सामाईक फळीवरची सूर्यफुलाच्या तेलाची बाटली घेतली आणि माझ्या ताटावर ओतलं. "घे," म्हणाली.

मी खाल्लं. चवळी चांगली शिजली होती. तिनं डोळे मिटून पहिला घास घेतला आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी खाली बघून जेवत राहिले. माझं ताट संपलं तेव्हा मी ते पुढे केलं. तिनं आणखी वाढलं आणि सूर्यफुलाची बाटली माझ्या हाताशी सरकवली.

मग तिनं घरी फोन लावला. पडद्यावर एक अंगण, पाच-सहा माणसं, मध्ये मोठं पातेलं. सगळे एकदम बोलत होते. तिनं आपलं लाल ताट कॅमेऱ्यापुढे धरलं, तिकडून त्यांनी त्यांची धरली. मग तिनं फोन माझ्याकडे वळवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक. पलीकडची सगळी पडद्याजवळ सरकली. एका म्हाताऱ्या बाईनं फोनजवळ येऊन मला नीट बघून घेतलं, माझं ताटही बघितलं आणि दोन-तीन शब्द बोलली. त्यावर सगळे हसले. मैत्रीणही हसली.

मी हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. ती म्हातारी काय म्हणाली, ते मी विचारलं नाही, आणि मैत्रिणीनंही सांगितलं नाही.